घोड्याचं पोट आणि चंदीचा तोबरा

आषाढी वारीत माउलींच्या पालखीपुढे चालणारे अश्व चिकोडी तालुक्यातल्या अंकलीहून, शितोळे सरकारांच्या वाड्यातून, आळंदीला पायी जातात. आमच्या या कृष्णाकाठाला घोड्याची हौस जुनी. जत्रेत घोडागाडीच्या शर्यती लागतात आणि शर्यत जवळ आली की चंदीचा, म्हणजे दाण्याच्या खुराकाचा, तोबरा वाढतो. माया असते त्यात, पण घोड्याला ती बाधते.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या शेजारच्या तबेल्यात एक घोडा रात्री अचानक पुढच्या पायानं जमीन उकरायला लागला. वळून वळून स्वतःच्या कुशीकडे बघायचा, खाली बसून लोळायचा, घामानं निथळलेला. पोटशूळ. संध्याकाळी त्याला नेहमीच्या दुप्पट हरभरा दिला होता. डॉक्टर वेळेवर आले म्हणून वाचला. घोड्याला उलटी होत नाही. पोटात गेलेलं जास्तीचं त्याला बाहेर टाकता येत नाही.

घोडा रवंथ करत नाही. त्याचं जठर अंगाच्या मानानं फार लहान, मोठ्या घोड्याचंही साधारण १० ते १५ लिटरचं. वैरण खरी पचते ती पुढे, अंधनाल (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीची पिशवी) आणि मोठ्या आतड्यात. तिथले अब्जावधी सूक्ष्मजीव धागेदार चारा आंबवतात आणि त्यातून तयार होणाऱ्या मेदाम्लांवर घोडा पळतो. एका वेळी खूप दाणा घातला, तर त्यातला स्टार्च लहान आतड्यात पुरता पचत नाही, तसाच मागे जातो. मग आम्ल वाढतं, उपयोगी जीव मरतात, पोट फुगतं. कधी खुरांच्या आतल्या थराला सूज येऊन घोडा कायमचा लंगडा होतो.

दुसरी गोष्ट लाळेची. घोड्याच्या जठरात आम्ल दिवसरात्र पाझरतं. लाळ मात्र चावतानाच सुटते, आणि तीच ते आम्ल सौम्य करते. किलोभर वाळली वैरण चावायला घोड्याला पाऊणएक तास लागतो, तेवढाच दाणा दहा-पंधरा मिनिटांत संपतो. मोकळ्या माळावरचा घोडा दिवसाचे १६-१७ तास चरतो, ते उगाच नाही. तासन् तास दावणीला उपाशी उभ्या घोड्याच्या जठरात अल्सर होतात.

हिशेब असा: ३५० किलोच्या घोड्याला दिवसाला ७ किलोच्या आसपास कोरडा आहार लागतो, त्यात किमान सव्वापाच किलो वैरणच हवी. हिरव्या गवतात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणीच असतं, म्हणून १० किलोचा भारा दिसायला मोठा, पण कोरडा जेमतेम दोन-अडीच किलो. चंदी उरलेल्या पावणेदोन किलोतच बसवावी आणि तीही दिवसातून दोन-तीनदा विभागून द्यावी. नवा दाणा किंवा नवी वैरण आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवावी. सूक्ष्मजीवांना जुळवून घ्यायला तेवढा वेळ लागतो.

इथला ऊसपट्टा पाहता उसाच्या वाड्याबद्दल, म्हणजे शेंड्याकडच्या हिरव्या पाल्याबद्दल, बोलायलाच हवं. उसाच्या वाड्यात ऑक्झलेट असतं, ते चाऱ्यातलं कॅल्शियम बांधून ठेवतं. वर रोज गव्हाचा कोंडा घातला, तर त्यात फॉस्फरस भरपूर. मग शरीर गरजेचं कॅल्शियम हाडांतून ओढतं. जबडा सुजतो, चाल बिघडते. म्हणून वाडं हीच मुख्य वैरण नको. वाळलं गवत ठेवावं, जोडीला थोडा लसूणघास हा हिरवा चारा. त्यात कॅल्शियम चांगलं असतं. कोवळी हिरवी ज्वारी मात्र घोड्यापासून लांबच ठेवावी.

मिठाचा खडा गव्हाणीत कायम असावा. पाणी दिवसाला २५-३० लिटर, उन्हाळ्यात आणि कामाच्या दिवसांत त्याहून बरंच जास्त. आणि सकाळी तबेला झाडताना लीद बघावी: गोळे ओलसर, सहज फुटणारे असले तर पोट ठीक. पातळ झाली, किंवा लीदच पडली नाही, तर त्या दिवशी चंदी बंद ठेवून आधी डॉक्टरांना बोलवावं.