पाच मिनिटांच्या प्रहसनातून दोन तासांच्या चित्रपटात

अमेरिकेतील ‘सॅटरडे नाइट लाइव्ह’ या प्रहसनांच्या कार्यक्रमाचे नाव निघाले की बिल मरे, एडी मर्फी, अॅडम सँडलर, विल फेरेल ही नावे ओघाने येतात आणि दूरचित्रवाणीवरील प्रहसन ही चित्रपटसृष्टीकडे जाणारी सरळ वाट असावी असा समज होतो. प्रत्यक्षात १९७५पासून दीडशेहून अधिक कलाकार या संचात येऊन गेले आणि त्यांपैकी ज्यांच्या नावावर चित्रपट चालला असे म्हणता येईल, असे मोजकेच निघाले. उरलेल्यांमध्ये गुणवत्ता कमी होती असे कारण अनेकदा दिले जाते; ते मला पटत नाही. प्रहसन ज्या कौशल्यांवर उभे असते ती चित्रपटाला नेहमीच लागत नाहीत. शिवाय निर्माते बहुतेक वेळा कलाकाराला घेण्याऐवजी त्याने गाजवलेले सोंग विकत घेत आले आहेत. ही अडचण या कार्यक्रमाच्याही आधीची आहे.

सिड सीझर हे तिचे पहिले मोठे उदाहरण. १९५० ते १९५४ या काळात एनबीसी वाहिनीवर दर शनिवारी नव्वद मिनिटांचा ‘युअर शो ऑफ शोज’ थेट प्रक्षेपित होत असे आणि त्यात सीझर व इमोजेन कोका ही जोडी मूकनाट्यापासून परकीय भाषांच्या बनावट बडबडीपर्यंत सर्व काही करत असे. त्यानंतर १९५७पर्यंत ‘सीझर्स अवर’ चालला. अमेरिकी दूरचित्रवाणीच्या आरंभकाळात इतका मान क्वचितच कोणा विनोदी नटाला मिळाला असेल. तरीही चित्रपटात त्याच्या वाट्याला ‘इट्स अ मॅड, मॅड, मॅड, मॅड वर्ल्ड’सारख्या अनेक नटांच्या गर्दीतल्या भूमिका किंवा दुय्यम कामेच आली. दारू आणि गोळ्यांच्या व्यसनाने त्याची उमेदीची वर्षे खाल्ली, हे त्याने पुढे आत्मचरित्रात स्वतःच लिहिले. पण व्यसन हे एकच कारण नव्हते. सीझर दुसऱ्या कोणाचे सोंग घेऊन उभा राहिला की अफाट असे. स्वतः सिड सीझर म्हणून चार वाक्ये बोलायची वेळ आली की तो अवघडून जाई. चित्रपटाच्या नायकाकडे एक कायमचा, ओळखीचा चेहरा असावा लागतो आणि सीझरने तर तो पुसून टाकण्यातच आयुष्य घातले होते. त्याच्या लेखकवर्गातला मेल ब्रुक्स मात्र ‘द प्रोड्यूसर्स’ या चित्रपटाच्या पटकथेसाठी ऑस्कर घेऊन गेला आणि १९७६ साली आपल्या ‘सायलेंट मूव्ही’त त्यानेच आपल्या जुन्या मालकाला भूमिका दिली. दूरचित्रवाणीवरून चित्रपटात जाताना लेखणी सोबत असणाऱ्याला वाट सापडते, ही गोष्ट पुढेही वारंवार दिसते.

ब्रिटनमध्ये वेगळे घडले नाही. मोरकम आणि वाइज या विनोदी जोडीने १९६५ ते १९६७ या काळात रँक कंपनीसाठी तीन चित्रपट केले आणि तिन्हींनी त्यांच्या लौकिकात फारशी भर घातली नाही. दशकभरानंतर, १९७७च्या नाताळात, त्यांचा दूरचित्रवाणीवरील कार्यक्रम मात्र दोन कोटींहून अधिक लोकांनी पाहिला. पीटर कुक आणि डडली मूर या दुसऱ्या विनोदी जोडीची कथा अधिक बोलकी आहे. दोघांमध्ये कुक अधिक तल्लख मानला जाई, पण ‘टेन’ आणि ‘आर्थर’ या चित्रपटांनंतर हॉलिवूडचा तारा झाला तो मूर. कुकची बुद्धी प्रेक्षकाला हसवत असे, पण जवळ येऊ देत नसे. मूरकडे पाहून प्रेक्षकाला त्याची काळजी वाटे.

‘माँटी पायथन’ या ब्रिटिश प्रहसनकारांच्या संचातील मंडळींनी आधी सोपा मार्ग धरला. आपली गाजलेली प्रहसने पुन्हा चित्रित करून त्यांनी १९७१ साली अमेरिकी प्रेक्षकांसाठी एक चित्रपट केला आणि त्या प्रेक्षकांनी त्याकडे पाठ फिरवली. प्रत्येक प्रहसन नव्याने सुरू होते, नव्याने संपते आणि दर वेळी प्रेक्षकाला पुन्हा शून्यापासून उठवावे लागते. घरात बसून अर्धा तास हे चालून जाते, अंधाऱ्या चित्रपटगृहात दीड तास चालत नाही. १९७५च्या ‘होली ग्रेल’मध्ये त्यांनी राजा आर्थरच्या शोधयात्रेचा धागा घेतला आणि १९७९च्या ‘लाइफ ऑफ ब्रायन’मध्ये एका माणसाची जन्मापासून क्रूसापर्यंतची गोष्ट सांगितली. माझ्या मते प्रहसनकारांच्या संचाने चित्रपट कसा शिकावा, याचे याहून चांगले उदाहरण नाही.

‘सॅटरडे नाइट लाइव्ह’ ११ ऑक्टोबर १९७५ रोजी न्यूयॉर्कमधील रॉकफेलर सेंटरच्या ८-एच स्टुडिओतून सुरू झाला. त्याची आठवड्याची रीत अजूनही बरीचशी तीच आहे: मंगळवारी रात्रभर लेखन, बुधवारी सर्वांनी टेबलाभोवती बसून वाचन, शनिवारी प्रेक्षकांसमोर रंगीत तालीम आणि साडेअकराला थेट प्रक्षेपण. रंगीत तालीम आणि प्रक्षेपण यांच्या मधल्या वेळेत प्रहसने कापली जातात, वाक्ये बदलतात. म्हणून पाठांतरावर विसंबता येत नाही आणि कलाकार कॅमेऱ्याच्या बाजूला धरलेल्या मोठ्या पुठ्ठ्यांवरचे संवाद वाचत बोलतात. या व्यवस्थेत तयार होणारा नट तीन सेकंदांत पात्र उभे करतो, प्रेक्षकांच्या हशावर वेळ साधतो आणि पाचव्या मिनिटाला ते पात्र टाकून दुसऱ्या वेषाकडे धावतो. चित्रपटात समोर हसणारे कोणी नसते. एकच प्रसंग सकाळपासून दहा-बारा वेळा, तुकड्यातुकड्यांनी करायचा असतो आणि समोरच्या नटाचे ऐकताना डोळ्यांत काही घडावे लागते. पुठ्ठ्याकडे पाहण्याची सवय लागलेल्या डोळ्यांना हे नव्याने शिकावे लागते.

पहिल्या संचातून सर्वांत आधी, १९७६ साली, चेव्ही चेस बाहेर पडला. त्याच्या घमेंडखोर वृत्तदात्याने देशभर नाव कमावले होते आणि त्याच बळावर त्याला नायकाच्या भूमिका मिळाल्या. ‘फाउल प्ले’, ‘कॅडीशॅक’, ‘व्हेकेशन’, ‘फ्लेच’ हे चित्रपट चाललेही. जॉन बेलुशीची सुरुवात अधिक विचार करण्याजोगी आहे. १९७७च्या शरद ऋतूत तो आठवड्यातले काही दिवस ओरेगन राज्यात ‘अॅनिमल हाउस’चे चित्रीकरण करी आणि कार्यक्रमासाठी न्यूयॉर्कला परते. त्या चित्रपटात त्याला संवाद अगदी थोडे आहेत आणि तो नायकही नाही. सुमारे तीस लाख डॉलरांत झालेल्या चित्रपटाने अमेरिकेत चौदा कोटींहून अधिक डॉलर मिळवले, तेव्हा लोकांच्या लक्षात राहिला तो हाच नट. याउलट ‘कॉन्टिनेन्टल डिव्हाइड’मध्ये सरळ प्रेमकथेचा नायक म्हणून तो उभा राहिला, तेव्हा प्रतिसाद थंड होता. ५ मार्च १९८२ रोजी अमली पदार्थांच्या अतिसेवनाने वयाच्या ३३व्या वर्षी त्याचा मृत्यू झाल्यामुळे तो पुढे काय शिकला असता, हा प्रश्न तसाच राहिला. पंधरा वर्षांनी याच कार्यक्रमातला क्रिस फार्ली त्याच वयात, तशाच रीतीने गेला.

एडी मर्फी १९८० साली, एकोणिसाव्या वर्षी, या कार्यक्रमात आला. त्याच्या पहिल्या चित्रपटात, ‘४८ अवर्स’मध्ये, तो निक नोल्टीच्या जोडीला होता. एक नट कठोर, गंभीर आणि दुसरा बडबडा; त्यामुळे मर्फीला संपूर्ण चित्रपट खांद्यावर घ्यावा लागला नाही आणि आपला आत्मविश्वास मात्र पूर्ण दाखवता आला. ‘ट्रेडिंग प्लेसेस’मध्येही डॅन आक्रॉइड सोबत होता. त्यानंतर, १९८४च्या ‘बेव्हर्ली हिल्स कॉप’मध्ये, तो एकटा उभा राहिला. त्याने दूरचित्रवाणीवरचे एकही सोंग पडद्यावर आणले नाही. आणली ती फक्त आपली वृत्ती. त्याच काळात त्याच्याइतकाच गाजलेला जो पिस्कोपो हा नट नकलांचा बादशहा होता, पण नक्कल काढून घेतली की काय उरते, हे चित्रपटवाल्यांना शेवटपर्यंत कळले नाही.

१९९२ साली कार्यक्रमातल्याच प्रहसनावरून केलेला ‘वेन्स वर्ल्ड’ आला आणि हाच धडा उलटा वाचला गेला. मर्यादित खर्चाच्या या चित्रपटाने केवळ अमेरिकेत बारा कोटी डॉलरांच्या वर गल्ला केला आणि कार्यक्रमातील कुठलेही लोकप्रिय पात्र लांबवले की चित्रपट तयार होतो, असा हिशेब मांडला गेला. ‘कोनहेड्स’ पडला. ज्याचे लिंग कोणाला कळत नाही अशा व्यक्तीवरचा ‘इट्स पॅट’ १९९४मध्ये आला आणि त्याची अमेरिकेतील संपूर्ण कमाई सुमारे साठ हजार डॉलर होती. पुढच्या वर्षीच्या ‘स्टुअर्ट सेव्ह्ज हिज फॅमिली’ला दहा लाखांचाही पल्ला गाठता आला नाही. पॅटचे प्रहसन एकाच कोड्यावर चालते. ते सोडवले तर पात्र संपते आणि सोडवले नाही तर गोष्ट पुढे सरकत नाही. ‘वेन्स वर्ल्ड’ टिकला, कारण त्यात दोन मित्रांची मैत्री होती आणि ती तुटण्याची भीती होती. या फरकाकडे कोणी पाहिले नाही. भुर्दंड मात्र कलाकारांना पडला, कारण चित्रपट आपटला की निर्माता दुसऱ्या पात्राकडे वळतो, पण ते सोंग रंगवणाऱ्या नटावर शिक्का बसतो. ‘वेन’मधल्या दोन मित्रांपैकी एक झालेला डेना कार्व्हीसारखा विलक्षण नकलाकारही त्या यशानंतर स्वतःच्या नावावर चित्रपट उभा करू शकला नाही.

ज्यांना यश मिळाले त्यांची दुसरी अडचण नंतर सुरू झाली. फॉक्स वाहिनीच्या ‘इन लिव्हिंग कलर’मधून आलेल्या जिम कॅरीचे १९९४ या एकाच वर्षात तीन चित्रपट गाजले, १९९६मध्ये ‘द केबल गाय’साठी त्याला दोन कोटी डॉलर मिळाले, परंतु त्यातील काळोखा विनोद पाहून त्याचेच चाहते बिचकले. बिल मरेने ‘गोस्टबस्टर्स’च्या वर्षीच ‘द रेझर्स एज’ ही आवडीची गंभीर भूमिका केली, ती कोसळली आणि पुढील चार वर्षे तो नायकाच्या भूमिकेपासून दूर राहिला. ‘लॉस्ट इन ट्रान्सलेशन’साठी त्याला ऑस्करचे नामांकन मिळेपर्यंत दोन दशके जावी लागली.

स्त्री कलाकारांना तर ही संधीही उशिरा मिळाली. ‘लाफ-इन’ या प्रहसनांच्या कार्यक्रमातील गोल्डी हॉनने १९६९च्या ‘कॅक्टस फ्लॉवर’साठी ऑस्कर मिळवला होता, तरी ‘सॅटरडे नाइट लाइव्ह’च्या पहिल्या संचातील गिल्डा रॅडनर हिच्यासाठी हॉलिवूडला नीट भूमिका सुचल्या नाहीत; त्याच संचातल्या जेन कर्टिनने तो नाद न करता मालिकेत काम केले आणि दूरचित्रवाणीचे दोन एमी पुरस्कार मिळवले. चित्र बदलले ते लेखणीमुळे. याच कार्यक्रमातल्या टीना फे हिने ‘मीन गर्ल्स’ची पटकथा लिहिली आणि क्रिस्टन विग हिने अॅनी ममोलो हिच्यासह लिहिलेल्या २०११च्या ‘ब्राइड्समेड्स’ला मूळ पटकथेचे ऑस्कर नामांकन मिळाले. त्या चित्रपटात विगने दूरचित्रवाणीवरची आपली विक्षिप्त पात्रे बाजूला ठेवली आहेत. गोंधळ इतरांनी घालायचा आणि तिने तो सोसायचा, अशी रचना तिने स्वतःच केली.

जॉर्डन पील तर अभिनय बाजूला ठेवून पुढे गेला. ‘की अँड पील’ हा त्याचा प्रहसनांचा कार्यक्रम संपल्यावर सहकाऱ्यासह केलेला ‘कियानू’ बेताचाच चालला, पण २०१७ साली ४५ लाख डॉलरांत दिग्दर्शित केलेल्या ‘गेट आउट’ने पंचवीस कोटींच्या वर कमाई केली आणि त्याला पटकथेचा ऑस्कर दिला. प्रहसनाची शिस्त त्यात पुरेपूर आहे: एक विचित्र गृहीतक धरायचे आणि ते क्रमाक्रमाने असह्य होईपर्यंत ताणायचे.

दरम्यान मध्यम खर्चाचे विनोदी चित्रपटच कमी होत गेले. ‘सॅटरडे नाइट लाइव्ह’मधला अँडी सॅमबर्ग आणि त्याच्या मित्रांचा २०१६चा ‘पॉपस्टार’ समीक्षकांना आवडूनही अमेरिकेत एक कोटी डॉलरपर्यंत पोहोचला नाही. त्याच कार्यक्रमातल्या बिल हेडरला ‘बॅरी’त आणि जेसन सुडेकिसला ‘टेड लासो’त जो मान मिळाला, तो पुन्हा मालिकांमध्येच. बॉब ओडेनकर्कचा प्रवास तर उलट्या दिशेने झाला: ‘मिस्टर शो’ या त्याच्या प्रहसनांच्या कार्यक्रमावरून निघालेला चित्रपट चित्रपटगृहांपर्यंत पोहोचलाच नाही, मग ‘ब्रेकिंग बॅड’मधला वकील आणि त्याचीच पुढे स्वतंत्र मालिका आली, आणि अखेर २०२१मध्ये, वयाच्या ५८व्या वर्षी, ‘नोबडी’ या हाणामारीच्या चित्रपटाचा तो नायक झाला.