साठ सेकंदांतले प्राणी

‘बोलत नाही म्हणजे त्याला शब्दच येत नाहीत.’ सौम्य बौद्धिक अक्षमता, म्हणजे साधारण ५० ते ६९ बुद्ध्यंक असलेल्या मुलांबद्दल हे सर्रास ऐकू येतं. शब्द माहीत असणं आणि ते वेळेवर सापडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या वेगळ्या करून दाखवणारी चाचणी म्हणजे शब्दओघ चाचणी.

एका मिनिटात आठवतील तेवढे प्राणी सांगायचे, बस्स. कल्पना जुनी आहे. पॅरिसमधल्या शाळकरी मुलांसाठी फ्रेंच मानसशास्त्रज्ञ बिने आणि त्यांचे सहकारी सिमाँ यांनी केलेल्या बुद्धिमापन श्रेणीतही तीन मिनिटांत साठ शब्द सांगण्याचा प्रश्न होता.

पण नुसते शब्द मोजून थांबलं, तर चाचणीतला सगळा रस वाया जातो. खरी गंमत क्रमात आहे. समजा, मूल म्हणालं: गाय, म्हैस, बैल, शेळी, वाघ, सिंह, मासा. गोठ्यातला एक पुंजका, रानातला दुसरा, मग पाण्याकडे उडी. ट्रॉयर, मॉस्कोविच आणि विनोकर या संशोधकांनी १९९७ मध्ये हे मोजायची रीत घालून दिली. पुंजक्याचा आकार दुसऱ्या शब्दापासून मोजायचा. इथे ३, १ आणि ०, म्हणजे सरासरी १.३३. उड्या दोन. पुंजके प्रामुख्याने शब्दांच्या अर्थसाठ्यावर अवलंबून असतात, त्यात मेंदूच्या कानशिलाजवळच्या भागाचा वाटा मोठा. उडी मारायला मात्र ‘गोठा संपला, आता दुसरीकडे शोधू’ हे स्वतःच ठरवावं लागतं. ते काम मुख्यतः कपाळामागच्या भागाचं. म्हणून सात शब्द सांगणाऱ्या दोन मुलांची अडचण अगदी वेगळी असू शकते.

‘क’पासून सुरू होणारे शब्द विचारणं या मुलांसाठी बहुधा अन्यायाचं ठरतं. वाचन कच्चं असेल, तर ‘कुत्रा’ ‘क’मध्ये धरायचा की ‘कु’मध्ये, इथेच मूल अडतं. चाचणीआधी ऐकू नीट येतं का हे पाहावं, भाज्यांची नावं सांगायला लावून सराव द्यावा आणि घरच्या बोलीतला शब्दही बरोबर धरावा. एकट्या या चाचणीवरून निदान करू नये.

जिभेला वेखंड लावून किंवा मेंदू ‘जागा’ करण्याचा दावा करणाऱ्या ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन’च्या वर्गांना हजारो रुपये मोजून शब्द शोधण्याची ही क्षमता सुधारत नाही. त्या पैशांत वाचाउपचार तज्ज्ञाकडे जाता येतं.

गुण नोंदवून झाल्यावर मी सुचवेन, मुलाला हळूच विचारा, ‘आणि पाण्यातले?’ बेडूक, कासव, खेकडा भराभर आले, तर साठा शाबूत आहे. शिकवायची आहे ती पुढचा गट स्वतः शोधायची सवय.