एसवाय की एएसवाय: वसंतातल्या पक्ष्याचं वय पंखात नेमकं कुठे बघायचं

मे महिन्यात कॅनडातल्या लाँग पॉइंटला किंवा अमेरिकेतल्या ब्रॅडॉक बेला, पायात क्रमांकाचं कडं घालण्यासाठी (बँडिंग) जाळ्यात पकडलेल्या वॉर्बलरला, म्हणजे छोट्या कीटकखाऊ पक्ष्याला, कोणी पिल्लू म्हणत नाही. पिल्लू आणि प्रौढ यांतला फरक सगळ्यांना येतो, त्यावर शाई वाया घालवत नाही. प्रश्न पुढचा आहे: हा पक्षी गेल्या उन्हाळ्यात जन्मला, की त्याच्याही आधी? पहिला एसवाय (सेकंड इयर, दुसऱ्या वर्षातला), दुसरा एएसवाय (आफ्टर सेकंड इयर, त्याहून मोठा). नोंदवहीत दर वसंतात तोच घोळ होतो तो या दोघांचा.

व्याख्या झटपट उरकू. वय कॅलेंडरच्या वर्षानुसार धरतात. जून 2024 मध्ये जन्मलेला पक्षी 31 डिसेंबरपर्यंत एचवाय (हॅच इयर, जन्मवर्षातला) असतो आणि 1 जानेवारी 2025 ला एसवाय होतो. मे 2025 मध्ये तो जेमतेम अकरा महिन्यांचा असतो. फोटोखाली 'दोन वर्षांचा नर' असं लिहिणं कृपया थांबवा. एएसवाय म्हणजे 2023 चा किंवा त्याआधीचा. तो दोन वर्षांचा आहे की सहा, हे पंख बघून कळत नाही. दोन्हींपैकी काहीच ठरत नसेल तर एएचवाय (आफ्टर हॅच इयर, जन्मवर्ष उलटलेला).

आकड्यांत लिहिणाऱ्यांसाठी एक इशारा. अमेरिकन बँडिंग लॅबच्या आणि युरिंगच्या (युरोपातली कडी घालणाऱ्यांची संघटना) यादीत वयाला आकडे दिलेले असतात. 5 म्हणजे एसवाय आणि 6 म्हणजे एएसवाय, हे दोन्हीकडे सारखंच आहे, त्यामुळे सगळंच जुळतं असं वाटतं. पण अमेरिकन यादीत 1 म्हणजे एएचवाय, तर युरिंगमध्ये 1 म्हणजे घरट्यातलं पिल्लू. 4 चंही तसंच उलटं: युरिंगमध्ये तो एएचवाय, अमेरिकेत नीट उडता न येणारं पोर. दोन्हीकडे काम करणाऱ्यांनी सरळ अक्षरंच लिहावीत.

काही पक्षी फुकटात सुटतात. अमेरिकन रेडस्टार्टचा नर काळा-नारिंगी असेल तर एएसवाय. मादीसारखा करडा-पिवळा आणि अंगावर काळे ठिपके फुटलेले असतील तर एसवाय. लहान पक्ष्याच्या डोक्याच्या कवटीचं हाड पूर्ण भरलेलं नसतं, पण ती खूण मे महिन्यात जवळपास निरुपयोगी. काही थ्रश आणि व्हिरिओंमध्ये वसंतातही न भरलेली जागा दिसते. दिसली तर एसवाय पक्का, पण नाही दिसली म्हणून एएसवाय ठरत नाही.

आता खरी मेख. प्रौढ पक्षी विणीनंतर, साधारण जुलै ते सप्टेंबरात, सगळी पिसं बदलतो. म्हणून त्याच्या पंखातली पिसं एकाच पिढीची असतात. पहिल्या वर्षाचं पिल्लू शरद ऋतूत अंगावरची पिसं आणि पंखावरचे काही किंवा सगळे ग्रेटर कव्हर्ट (आतल्या उड्डाणपिसांची मुळं झाकणारी पिसं) बदलतं, पण उड्डाणपिसं आणि प्रायमरी कव्हर्ट (त्यांची ओळख पुढे येते) सहसा घरट्यातलेच ठेवतं. घरट्यात सगळी पिसं एकदम, घाईत उगवलेली असतात. पिसांचं विणकाम सैल, कड अरुंद, रंग लवकर विटणारा. मे येईपर्यंत ती तपकिरी आणि झिजलेली होतात, शेजारची नवी पिसं मात्र गडद राहतात. पिसं बदलण्याला मोल्ट आणि या दोन पिढ्यांमधल्या सीमेला मोल्ट लिमिट म्हणतात.

इथपर्यंत सगळे पाठ करून येतात आणि इथेच घसरतात. पंखात सीमा दिसली की एसवाय, असं समीकरण मनात बसलेलं असतं. पण यलो-रम्प्ड आणि यलो वॉर्बलरसारखे पक्षी वसंताआधी पुन्हा काही पिसं बदलतात, आतले काही ग्रेटर कव्हर्टही. हे लहानही करतात आणि मोठेही. म्हणजे एएसवायच्या पंखातही नवी-जुनी सीमा असू शकते. सीमा आहे का, हा प्रश्नच चुकीचा आहे. सीमेच्या पलीकडची जुनी पिसं कसली आहेत ते विचारा: घरट्यातली, की गेल्या शरदातली प्रौढ?

उत्तर प्रायमरी कव्हर्टमध्ये असतं. बाहेरच्या उड्डाणपिसांच्या मुळाशी टेकलेली ही छोटी, निमुळती पिसं. पंख पुरता ताणू नका, हलका उघडला की रांगेत दिसतात. ब्लॅक-थ्रोटेड ब्लू वॉर्बलरचा नर यासाठी सर्वांत चांगला शिक्षक. एएसवाय नरात ही पिसं काळपट, कड निळी, ग्रेटर कव्हर्टशी रंगाने जुळणारी. एसवाय नरात तीच तपकिरी, कडेला हिरवट झाक, आणि वरचे कव्हर्ट मात्र झकास निळे. उड्डाणपिसांच्या मुळाशी असलेला पांढरा ठिपकाही एसवायमध्ये लहान असतो, पण निर्णय त्यावर घेऊ नका, आधाराला घ्या.

इंडिगो बंटिंग तर हमखास फसवतो. त्याचा एसवाय बाहेरची काही उड्डाणपिसं नवी घेतो. पंखाचं टोक कोरं, गडद दिसतं आणि लिहिणारा बिनधास्त एएसवाय लिहून मोकळा होतो. प्रायमरी कव्हर्टकडे बघितलं असतं तर ते तपकिरी दिसले असते.

शेपटीच्या टोकदार पिसांवरून वय ठरवणाऱ्यांशी माझं कायमचं भांडण आहे. झिजून टोकं सगळ्यांचीच बदलतात, आणि एसवायच्या शेपटीची पिसं कुठे मुळासकट गळली असतील तर तिथे प्रौढासारखी रुंद पिसं येतात. शेपूट हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नाही.

उजेडाचं मात्र कोणी मनावर घेत नाही. पिवळ्या बल्बखाली सगळं तपकिरी दिसतं, भर उन्हात सगळं चमकतं. सावलीतला दिवसाचा उजेड, खिडकीजवळ, पक्षी बँडरच्या (कडं घालणाऱ्याच्या) पकडीत: मान तर्जनी आणि मधल्या बोटामध्ये, अंगावर दाब नाही. दुसऱ्या पंखाशी ताडून बघा. एकाच बाजूला एखादं पीस नवं असेल तर ते अपघाताने गळून आलेलं असतं, मोल्ट लिमिट नसते.

काही जातींत हा प्रयत्नच व्यर्थ आहे. युरोपातला विलो वॉर्बलर आफ्रिकेत हिवाळ्यात सगळी पिसं बदलतो, लहान काय अन् मोठा काय. वसंतात त्याला युरिंगचा 4 देऊन सोडायचं. आपल्याकडे हिवाळाभर तारांवर ओळीने बसणाऱ्या भिंगऱ्यांचंही तेच: पहिल्या वर्षाचीही याच मुक्कामात सगळी पिसं बदलते, परतताना पिढ्यांचा फरक उरत नाही. आणि महाराष्ट्रातल्या स्थानिक पक्ष्यांसाठी 1 जानेवारीची ही रेघच फारशी कामाची नाही. जाती वेगवेगळ्या महिन्यांत विणतात. तिथे मोल्टच्या चक्रावर आधारलेली पद्धत जास्त शहाणपणाची.

शंका असेल तर एएचवाय लिहा. त्यात कमीपणा नाही. वसंतात मोठे नर सहसा आधी पोचतात, लहान मागून. शिवाय एसवायचं प्रमाण गेल्या वर्षीची वीण आणि हिवाळा कसा गेला याचा अंदाज देतं. चार एसवाय चुकून एएसवाय झाले की आगमनाचं आणि विणीचं, दोन्ही गणितं बिघडतात. शिवाय नोंद कड्याच्या क्रमांकाला चिकटते: यंदा चुकून एसवाय लिहिलेला पुढच्या वसंतात परत सापडला की आपोआप टीवाय, म्हणजे तिसऱ्या वर्षातला. आणि त्या वसंतात पिसं बघून ती चूक पकडता येत नाही, कारण मधल्या शरदात त्याने सगळीच बदललेली असतात. एएचवाय लिहिला असता तर पुढच्या वर्षी तो बिनचूक एएसवाय झाला असता.