दूतावासावर बॉम्ब पडला की पुढे काय होतं? बेलग्रेड १९९९ ची पार्श्वभूमी

नागपुरात एकही दूतावास नाही, व्हिसाचं काम निघालं की आपण मुंबई नाहीतर दिल्ली गाठतो, त्यामुळे दूतावासावर हल्ला झाल्याच्या बातम्यांवर कट्ट्यावरचा पहिला डायलॉग ठरलेला असते, "अबे, दूतावास म्हणजे त्या देशाची जमीन, आता युद्धच होते पाहा." २०२४ च्या एप्रिलमध्ये सीरियाच्या दमास्कसमध्ये इस्रायलने इराणच्या वकिलातीची इमारत उडवली तेव्हाही हेच चालू होतं. पण दूतावास ही परक्या देशाची जमीन नसते, जमीन यजमान देशाचीच, फक्त तिला संरक्षण असतं. आणि हे संरक्षण देणारा १९६१ चा व्हिएन्ना करार पाहिला तर गंमत कळते, तो मुख्यतः यजमान देशाला बांधतो. तिसऱ्याच देशाच्या विमानाने वरून बॉम्ब टाकला तर काय, याचं सरळ उत्तर त्यात सापडत नाही. मग सगळं राजकारणावर येतं, कोणी मारलं, कोणाला मारलं आणि कोणाचं कोणावाचून अडलंय.

याचं सगळ्यात ठळक उदाहरण बेलग्रेड, तेव्हाच्या युगोस्लाव्हियाची राजधानी. २४ मार्च १९९९ ला युगोस्लाव्हियातल्या कोसोव्हो प्रांताच्या प्रश्नावरून नाटोने, म्हणजे अमेरिकेच्या नेतृत्वाखालच्या लष्करी गटाने, युगोस्लाव्हियावर बॉम्बफेक सुरू केली, सुरक्षा परिषदेची परवानगी न घेता. दोनच दिवसांनी ती थांबवण्याचा ठराव रशियाने मांडला, त्याचा सहप्रस्तावक भारतही होता, पण बाजूने मतं पडली फक्त ३, रशिया चीन आणि नामिबियाची, विरोधात १२. म्हणजे चीन आधीपासूनच चिडलेला होता हे लक्षात ठेवा.

७ मेच्या रात्री अमेरिकेतल्या मिसुरीहून उडालेल्या बी-२ बॉम्बफेकी विमानाने नव्या बेलग्रेडमधल्या चिनी दूतावासावर जीपीएसवाले ५ बॉम्ब टाकले. शाओ युनहुआन, शू शिंगहू आणि झू यिंग हे ३ चिनी पत्रकार गेले, २० च्या वर जखमी. बॉम्ब चुकले नव्हते बरं का, सांगितलेल्या जागीच पडले, जागाच चुकीची दिली होती. मारायचं होतं युगोस्लाव्ह लष्कराच्या खरेदी-पुरवठा खात्याचं ऑफिस, ते तिथून काहीशे मीटरवर. सीआयएकडे, म्हणजे अमेरिकेच्या गुप्तचर संस्थेकडे, पत्ता होता पण नकाशावर ते घर नव्हतं, म्हणून बाजूच्या समांतर रस्त्यांवरच्या घरनंबरांवरून यांनी अंदाज बांधला की इथेही नंबर तसेच चालत असतील. आता नागपूरकराला हे सांगायची गरज नाही, एका ले-आऊटच्या प्लॉट नंबरवरून शेजारच्या ले-आऊटमधलं घर शोधून पाहा, डिलिव्हरीवाला पोरगा दोन मिनिटांत फोन करते. यांनी कोणालाच फोन केला नाही. वर दूतावास १९९६ मध्येच नव्या जागी गेला होता आणि हल्ला टाळायच्या जागांच्या यादीत जुनाच पत्ता होता, अमेरिकेचे स्वतःचे डिप्लोमॅट नव्या इमारतीत जाऊन आले होते तरी. एका अधिकाऱ्याला शंका आली होती, ती वेळेत वर पोचलीच नाही. चीनने हे स्पष्टीकरण कधीच मान्य केलं नाही आणि खरं सांगू, मला स्वतःला चूक पटते, पण चीनच्या जागी असतो तर मलाही पटली नसती.

आता प्रतिक्रिया. बीजिंगमध्ये अमेरिकी दूतावासावर दगडफेक, राजदूत जेम्स सॅसर आत अडकलेले, चेंगडू शहरात अमेरिकी कॉन्सुलच्या घराला आग. चीनचे उपराष्ट्राध्यक्ष हू जिंताओ टीव्हीवर आले, कायद्यात राहून निदर्शनं करा म्हणाले, म्हणजे रागाला वाटही करून दिली आणि लगामही हातात ठेवला. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष क्लिंटनने लगेच खेद व्यक्त केला होता पण चिनी माध्यमांनी तो ११ मेपर्यंत लोकांना सांगितलाच नाही, आणि चीनचे राष्ट्राध्यक्ष जियांग झेमिन १४ मेपर्यंत क्लिंटनच्या फोनवर आले नाहीत. जर्मनीचे चान्सलर श्रोडर १२ मेला बीजिंगला जाऊन नाटोच्या वतीने माफी मागून आले. चीनने लष्करी संपर्क आणि मानवी हक्कांवरची बोलणी बंद केली.

सुरक्षा परिषदेत चीनला निषेध हवा होता. मिळालं काय, १४ मेचं अध्यक्षीय निवेदन, त्यात तीव्र दुःख आणि चिंता, निषेध नाहीच. बॉम्बफेक थांबल्याशिवाय कोसोव्होवर ठराव नाही असं चीन म्हणत राहिला, आणि १० जूनला कोसोव्होचा कारभार यूएनकडे देणारा ठराव १२४४ आला तेव्हा व्हेटो न वापरता तटस्थ राहिला. आपल्याकडे तोवर वाजपेयींचं काळजीवाहू सरकार कारगिलमध्ये गुंतलं होतं, बेलग्रेड पेपरच्या आतल्या पानावर गेलं असणार.

मग सुरू झाला हिशोब. मृतांच्या कुटुंबांसाठी आणि जखमींसाठी अमेरिकेने ४५ लाख डॉलर द्यायचं जुलैत ठरलं, डिसेंबरमध्ये इमारतीचे २ कोटी ८० लाख, आणि उलट चीननेही अमेरिकी इमारतींच्या नुकसानीचे २८ लाख ७० हजार द्यायचं कबूल केलं. मधल्या नोव्हेंबरात चीनच्या डब्ल्यूटीओ, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेतल्या प्रवेशाबद्दल दोघांचा करारही झाला. धंदा दोघांनाही हवा होता, मग दूतावासावरून कोण किती ताणणार. सीआयएने पुढच्या वर्षी एकाला काढलं, सहा जणांना समज दिली, संपलं.

दमास्कसमध्ये अशी देवाणघेवाण करायला काही नव्हतंच. १ एप्रिल २०२४ च्या हल्ल्यात इराणचे जनरल झाहेदी मारले गेले, रशियाने सुरक्षा परिषदेत निषेधाचं निवेदन मांडलं, अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्सने अडवलं. १३ एप्रिलच्या रात्री इराणने इस्रायलवर ३०० च्या वर ड्रोन आणि क्षेपणास्त्रं सोडली. त्याच्या दोनच दिवस आधी इराणच्या यूएनमधल्या ऑफिसने लिहिलं होतं की परिषदेने निषेध केला असता तर कदाचित ही वेळ आली नसती. हा बहाणा होता की खरंच तसं झालं असतं यावर कट्ट्यावर अजूनही दोन तट आहेत, मी बहाण्याच्या बाजूने, पण अडवणाऱ्या तिघांनी तो आयता हातात दिला हेही तितकंच खरं.