गेलेल्या कलावंतांची आठवण आणि नाशिक

ऑक्टोबर २०२४ मध्ये अतुल परचुरे गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये अवघ्या ३८ व्या वर्षी प्रिया मराठे गेली. दोघांनाही कर्करोगाने नेलं आणि दोन्ही वेळा बातमी आल्यावर तासाभरात नाशिककरांच्या फोनवर तेच फोटो, तेच 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि जुन्या प्रवेशांच्या त्याच चित्रफिती फिरू लागल्या. यातल्या बहुतेकांनी या कलावंतांना प्रत्यक्ष कधी पाहिलेलं नसतं. पण रोज रात्री जेवताना जो चेहरा समोर असतो तो घरातलाच होतो, आणि त्याच्या जाण्याचं दुःख खोटं नसतं. प्रश्न पुढचा आहे. दहा दिवसांनी, दहा वर्षांनी ही आठवण कुठे असते? या बाबतीत नाशिकचा इतिहास विलक्षण आहे, आणि त्याची सुरुवात अभिमान वाटावा अशी नाही.

दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. जन्म ३० एप्रिल १८७०. 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत १९१३ मध्ये झळकला आणि त्याच वर्षी त्यांनी आपला सगळा पसारा नाशिकला हलवला. पुढचे चित्रपट इथेच तयार झाले. १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये अण्णा साळुंके राम आणि सीता या दोन्ही भूमिकांत होते. १९१८ मध्ये इथेच हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी उभी राहिली. म्हणजे ज्या काळात चित्रपटात काम करणं हलकं समजलं जाई, त्या काळात नाशिकमध्ये नट-नटींचं, सुतारांचं, रंगाऱ्यांचं एक अख्खं कुटुंब एका कारखान्याभोवती नांदत होतं. बोलपट आले आणि फाळक्यांचा काळ संपला. १९३७ चा 'गंगावतरण' हे त्यांचं शेवटचं काम. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्येच त्यांचं निधन झालं, तेव्हा चित्रपटधंदा त्यांना विसरून बराच पुढे गेला होता. देशाने त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू केला तो १९६९ मध्ये, म्हणजे मृत्यूनंतर २५ वर्षांनी. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी महापालिकेचं फाळके स्मारक झालं ते त्याच्याही बऱ्याच नंतर. आज शाळांच्या सहली तिथे जातात आणि स्मारकाच्या डागडुजीची चर्चा दर काही वर्षांनी नव्याने सुरू होते. फाळक्यांना शेवटच्या वर्षांत जी विचारपूस मिळायला हवी होती, ती कोणत्याही स्मारकाने भरून निघणार नाही, असं मला वाटतं.

नटाच्या आठवणीची रीत आपल्याकडे सिनेमाच्या आधी संगीताने आणि नाटकाने घालून दिली. गुरूच्या पुण्यतिथीला शिष्यांनी जमून गायचं, ही गवयांची परंपरा. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी उत्तरायुष्यात नाशिकला आश्रम केला होता. १९३१ मध्ये ते गेले आणि पंचवटीतल्या इंद्रकुंडाजवळचं सभागृह आज त्यांचं नाव सांगतं. नाटकवाल्यांनी हीच रीत आपलीशी केली: तसबिरीला हार, दोन शब्द, मग एखादं पद किंवा प्रवेश. शोकसभेत भाषणं लांबली तरी लोक थांबत, कारण शेवटी काहीतरी ऐकायला मिळणार असे.

नाशिकला नटांबद्दल जास्त जिव्हाळा वाटावा याचं आणखी एक कारण आहे. ज्या भूमिकांनी नट मोठे झाले, त्यातल्या काही या गावात लिहिल्या गेल्या. वसंत कानेटकर इथल्या एचपीटी कॉलेजात शिकवत. त्यांच्या 'अश्रूंची झाली फुले'मधला लाल्या काशिनाथ घाणेकरांनी असा उभा केला की नाटकाच्या जाहिरातीत त्यांचं नाव शेवटी, वेगळं झळकू लागलं. २ मार्च १९८६ रोजी अमरावतीला, दौऱ्यावर असतानाच ते गेले. कुसुमाग्रजांचं 'नटसम्राट' १९७० मध्ये रंगभूमीवर आलं आणि डॉ. श्रीराम लागू बेलवलकर झाले. १७ डिसेंबर २०१९ रोजी लागू गेले, तेव्हा जुन्या नाशिककरांना त्यांच्याबरोबर तात्यांची, म्हणजे कुसुमाग्रजांचीही आठवण येणं स्वाभाविक होतं. सार्वजनिक वाचनालयाचं परशुराम साईखेडकर नाट्यगृह असो की शालिमारजवळचं कालिदास कलामंदिर, कुणी गेलं की तिसऱ्या घंटेआधी प्रेक्षक दोन मिनिटं उभे राहतात. एवढाच साधा विधी, पण तो सगळ्यांनी एकत्र, एका जागी केलेला असतो.

शहराबाहेर पडलं की याहून जिवंत रीत भेटते. वामनदादा कर्डक सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. १५ ऑगस्ट १९२२ चा जन्म. शाळा मिळाली नाही, अक्षरओळख झाली ती मुंबईत, मोठेपणी. त्यानंतर त्यांनी हजारो गीतं लिहिली आणि गावोगावी फिरून, खड्या आवाजात गायली. १५ मे २००४ रोजी ते गेले. त्यांच्या आठवणीला सभागृहाची आणि अध्यक्षांची वाट पाहावी लागत नाही. भीमजयंतीला, लग्नात, नामकरणात गायन पार्ट्या त्यांची गाणी गातात, आणि शेवटच्या कडव्यात गुंफलेलं त्यांचं नाव आपोआप घेतलं जातं. कलावंताला याहून चांगली आदरांजली मला माहीत नाही.

गोदावरीचाही या गोष्टीत वाटा आहे. ६ फेब्रुवारी २०२२ रोजी लता मंगेशकर गेल्या आणि १० तारखेला त्यांच्या अस्थींचं विसर्जन रामकुंडावर झालं. एरवी रामकुंडावर प्रत्येक जण आपापल्या घरच्या माणसासाठी येतो. त्या दिवशी घाटावर उभ्या असलेल्यांचं लतादीदींशी रक्ताचं नातं नव्हतं, तरी डोळे ओले होते.

त्याआधीची दोन वर्षं मात्र अशी गेली की कुणाला निरोपच देता आला नाही. २९ एप्रिल २०२० रोजी इरफान खान गेले तेव्हा कडक टाळेबंदी होती. इगतपुरी तालुक्यात, त्रिंगलवाडी किल्ल्याच्या परिसरात त्यांनी घर घेतलं होतं. शेजारच्या पत्र्याच्या वाडीतल्या मुलांना पुस्तकं, कॉम्प्युटर, गावाला रुग्णवाहिका अशी मदत त्यांनी गाजावाजा न करता केली होती. वाडीतल्या लोकांनी काय केलं? वस्तीचं नाव बदलून 'हिरोची वाडी' ठेवलं. कुणी ठराव मांडायला सांगितलं नव्हतं, कुणी पाहुणा बोलावला नव्हता. पुढच्या वर्षी, ७ जुलै २०२१ ला दिलीपकुमार गेले. त्यांचं बालपणातलं काही शिक्षण देवळालीच्या बार्न्स स्कूलमधलं आणि आई-वडिलांच्या कबरीही देवळालीतच. ही ओळख देवळालीकर पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत.

टाळेबंदीत शोकसभा फोनवर गेली आणि नंतर तिथेच राहिली. त्याने एक चांगलं झालं. खेडेगावातला, कधीच सभागृहात न आलेला चाहताही आता आपली आठवण लिहितो. आणि एक वाईट झालं. श्रद्धांजली वाहण्याच्या शर्यतीत माणूस जिवंत आहे की नाही हे पाहण्याचंही भान सुटू लागलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये विक्रम गोखले रुग्णालयात होते तेव्हा त्यांच्या निधनाची बातमी पसरली आणि कुटुंबीयांना ती नाकारावी लागली. ते गेले २६ तारखेला. तीन वर्षांनी, नोव्हेंबर २०२५ मध्ये, धर्मेंद्र यांच्या बाबतीत पुन्हा तेच घडलं. अंथरुणाशी बसलेल्या मुलाबाळांना असा निरोप फोनवर वाचावा लागतो, याचा विचार एक बटण दाबण्याआधी व्हायला हवा.

या सगळ्यात ज्यांची बातमीच होत नाही अशी माणसंही याच जिल्ह्यातली आहेत. मालेगावचा शफीक शेख यंत्रमागावर काम करायचा. गावच्या मित्रांनी हौसेने काढलेल्या सिनेमात तो सुपरमॅन झाला, त्या धडपडीवर माहितीपट निघाला, आणि तो भारतातल्या चित्रपटगृहांत लागण्याआधीच कर्करोगाने शफीकला नेलं. नाशिक, निफाड, सिन्नरच्या जत्रांतून ज्यांच्या कनातीबाहेर रांगा लागत त्या तमाशा फडांचंही असंच. मे २०२१ मध्ये कांताबाई सातारकर गेल्या, तेव्हा निदान वर्तमानपत्रांनी दखल घेतली. त्यांच्यासारख्यांच्या मागे उभे राहणारे ढोलकीवाले, सोंगाडे, झीलकरी, कनात ठोकणारे मात्र गावाकडे मरतात आणि दहाव्याला आलेल्या लोकांखेरीज कुणाला कळत नाही. रंगभूमी दिनाला, ५ नोव्हेंबरला, नाशिकमध्ये नटराजपूजन होतं. त्या वेळी वर्षभरात गेलेल्या कलावंतांची नावं वाचताना ही नावंही तालुक्यातालुक्यातून मागवून वाचावीत. यादी करायला फडमालक आणि जत्रा कमिट्या आहेतच, त्यांना फक्त विचारायचं आहे.