लावण्य

नाकडोळ्यांच्या रेखीवपणापलीकडे जाणवणाऱ्या रूपाच्या तेजाला लावण्य म्हणतात. हा शब्द ‘लवण’ म्हणजे मीठ या संस्कृत शब्दापासून बनला असून त्याचा मूळ अर्थ खारटपणा असा आहे. नवव्या शतकातील काश्मिरी साहित्यशास्त्रज्ञ आनंदवर्धन याने ‘ध्वन्यालोक’ या ग्रंथात काव्यातील सूचित अर्थाला स्त्रीच्या लावण्याची उपमा दिली आहे. लावण्य कोणत्याही एका अवयवावर बोट ठेवून दाखवता येत नाही, तरीही ते सर्व अवयवांहून वेगळे झळकते, असे त्याचे म्हणणे आहे. देखणेपणाचे समाजमान्य निकष नेमके याच्या उलट वाटेने जातात. ते रूपाचे तुकडे करतात आणि एकेका तुकड्याला गुण देतात.

मिठाशी असलेले हे नाते ठाणे खाडीच्या काठावर अक्षरशः खरे होते. खाडीलगत मिठागरे होती आणि आगरी समाजाचे नावच ‘आगर’ या शब्दाशी जोडले जाते. १९७० मध्ये सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनींवर नवी मुंबई उभी राहिली. त्यापूर्वी या पट्ट्यातील बायका मिठागरात, भातशेतीत आणि मासळीच्या कामात उन्हात राबत. रापलेली कातडी हा तिथे कमीपणा नव्हता, ती रोजच्या कामाची खूण होती. ठसठशीत बांधा, घट्ट नेसलेले लुगडे, अंबाड्यावरची वेणी, अंगावरचे सोने आणि हातावरचे गोंदण यांवरून बाईचे रूप वाखाणले जाई. ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यात किंवा बेलापूरजवळच्या दिवाळे गावात हळदीच्या रात्री वयस्क बायका एकत्र बसल्या की हे माप आजही दिसते; सुरकुतलेल्या मनगटावरचे हिरवट गोंदण सोन्याच्या पाटल्यांखाली अर्धे झाकलेले असते आणि ते लपवावे असे कोणालाही वाटत नाही.

लग्नाच्या बाजारात मात्र दुसरेच माप चालते. मुलीच्या परिचयपत्रात उंची आणि शिक्षणाच्या जोडीला ‘वर्ण’ असा रकाना असतो आणि त्यात गोरा, निमगोरा, गहूवर्णी, सावळा अशी उतरंड लागते. ‘काळा’ हा शब्द तिथे जवळपास कधीच लिहिला जात नाही. यांतला ‘निमगोरा’ हा शब्द विशेष लक्षात घेण्याजोगा आहे, कारण तो रंगाचे वर्णन म्हणून क्वचितच येतो; मुलीला एक पायरी वर चढवण्यासाठी आईवडील तो लिहितात. मुलांच्या बाबतीत पगार आणि घर हे मुद्दे आधी येतात, त्यामुळे हा भार मुलींवर अधिक पडतो, आणि तो अन्याय आहे. ज्या विठ्ठलाला ‘सावळा’ म्हणून आळवले जाते, त्याच्याच तसबिरीखाली मुलीला डाळीचे पीठ आणि साय लावून उजळवण्याचा खटाटोप चाललेला असतो. महाभारतातली द्रौपदी वर्णाने काळी म्हणूनच ‘कृष्णा’ म्हटली गेली आणि तरीही तिच्या रूपाची ख्याती राहिली, हे या घरांना ठाऊक नसते असे नाही.

त्वचेचा रंग मेलॅनिन या रंगद्रव्याचे प्रमाण आणि प्रकार यांवर ठरतो. ते तयार करणाऱ्या पेशींची संख्या गोऱ्या आणि काळ्या माणसांत साधारण सारखीच असते. मेलॅनिन उन्हातील अतिनील किरणांपासून त्वचेचे रक्षण करते; म्हणजे कमीपणाचे कारण ठरवलेली गोष्टच शरीराचे संरक्षण आहे. भारतात १९७५ मध्ये आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’ या क्रीमने गोरेपणाची जोड नोकरी आणि लग्नाशी घातली, २०२० मध्ये नावातला ‘फेअर’ जाऊन ‘ग्लो’ आला. बिनानावाच्या डब्यांतून विकल्या जाणाऱ्या काही क्रीममध्ये पारा असतो. तो मेलॅनिनची निर्मिती रोखतो, त्यामुळे रंग खरोखर उजळतो, पण त्वचेतून शरीरात जाऊन तो मूत्रपिंडे निकामी करू शकतो. उजळलेला चेहरा पाहून क्रीम लागू पडले असे वाटते आणि वापर वाढतो, यातच मोठा धोका आहे.

अलीकडे ठाणे आणि नवी मुंबईतील काही मुली परिचयपत्रातून वर्णाचा रकाना स्वतःच काढून टाकतात. तरी समोरच्या घरून फोन आला की शिक्षण आणि नोकरीची चौकशी आटोपल्यावर आवाज जरा खाली येतो आणि विचारले जाते, “आणि रंगाने कशी आहे हो?”