पाठ चोळा, पण पीक फ्लो मीटर हाताशी ठेवा

मुलाला धाप लागली की घरातल्या मोठ्यांचा हात आपसूक त्याच्या पाठीवर जातो. कोमट तेल, तव्यावर गरम केलेली ओव्याची पुरचुंडी, छातीला बाम. आता त्यात मसाज, स्नायू-सांधे हाताने दाबून-ताणून उपचार करणारी ऑस्टिओपथी आणि मणक्यांना झटका देणारी कायरोप्रॅक्टिक यांची भर पडली आहे. औषधांच्या जोडीला अशा हाताच्या उपचारांनी लहान मुलांचा दमा खरंच हलका होतो का?

आधी छातीत काय घडतं ते पाहू. दम्यात श्वासनळीचं अस्तर सुजतं, तिच्याभोवतीचा स्नायू आवळतो आणि आत चिकट कफ साठतो. नळीचा व्यास निम्मा झाला, तर हवेला होणारा अडथळा दुप्पट नव्हे, साधारण 16 पट वाढतो. मग मूल मान आणि खांद्यांचे स्नायू ताणून श्वास ओढतं, आणि धाप ओसरल्यावरही ते स्नायू दुखत राहतात. हाताने चोळल्याने आराम पडतो तो या स्नायूंना. घाबरलेलं मूलही शांत होतं. फुप्फुसाच्या आतल्या अस्तराची सूज मात्र बोटांच्या आवाक्यात येत नाही. ती उतरवण्याचं काम रोज घ्यायच्या स्टेरॉइडच्या पंपाचं (इनहेलरचं).

या विषयावरचा एक काटेकोर प्रयोग कॅनडात झाला आणि 1998 मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीचे उपचार चालू असूनही त्रास होणारी 7 ते 16 वर्षांची 91 मुलं त्यात होती. निम्म्या मुलांच्या मणक्यांवर खरे कायरोप्रॅक्टिक झटके दिले, उरलेल्यांना तसंच भासेल असा सौम्य स्पर्श आणि मसाज. 4 महिन्यांनी दोन्ही गटांची लक्षणं कमी झाली होती, तात्पुरता आराम देणारा पंपही कमी लागत होता. पण पीक फ्लो मीटर या छोट्या उपकरणात फुंकून मोजलेला फुंकरीचा वेग दोन्हीकडे मिनिटाला जेमतेम 7 ते 12 लिटरनेच वाढला आणि गटांमध्ये दखल घ्यावी असा फरक नव्हता. साध्या मीटरवर दोन रेघांमध्ये बहुधा 10 लिटरचं अंतर असतं, म्हणजे ही वाढ एका रेघेची.

या निकालातून मणक्याच्या झटक्याचा वेगळा फायदा दिसला नाही, एवढं नक्की. पण तुलनेच्या गटालाही हात लागलेच होते. त्यामुळे मसाजच निरुपयोगी, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

मसाजच्या बाजूने बोलणारा एक छोटा प्रयोग अमेरिकेतला, त्याच वर्षीचा. 32 मुलांपैकी काहींना आईवडिलांनी 30 दिवस रोज झोपण्यापूर्वी 20 मिनिटं मसाज केला, बाकीच्यांकडून शरीर सैल सोडण्याचा सराव करून घेतला. मसाज झालेल्या 4 ते 8 वर्षांच्या मुलांची चिंता कमी झाली, फुंकरही सुधारली. मोठ्या मुलांत फुप्फुसाचा फायदा फारच थोडा दिसला. इतक्या कमी मुलांवरून ठाम काही सांगता येत नाही, पण घरच्या घरी करून पाहण्याजोगं हे नक्की आहे.

खरा धोका वेगळाच आहे. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दम्याच्या प्रौढ रुग्णांना कधी औषधाचा, कधी रिकामा पंप दिला. दोन्ही वेळी रुग्णांना जवळपास सारखंच बरं वाटलं. फुप्फुसाची मोजणी मात्र औषधाने सुमारे 20 टक्के सुधारली, रिकाम्या पंपाने सुमारे 7 टक्के, आणि काहीच न देताही तेवढीच. म्हणजे श्वास मोकळा वाटतो तेव्हा नळी मोकळी झालेलीच असते असं नाही. पाठ चोळल्यावर मूल हसू लागतं, आपण निर्धास्त होतो आणि पंप द्यायचा राहून जातो.

म्हणून मोजा. साधारण 5-6 वर्षांपासून मुलाला पीक फ्लो मीटर वापरता येतो. काटा शून्यावर आणून मुलाला उभं करा. छाती भरून श्वास, ओठ नळीभोवती घट्ट, मग एकच जोरदार फुंकर. असं 3 वेळा करून सर्वांत मोठा आकडा वहीत लिहा. जीभ नळीच्या तोंडाशी आली किंवा ओठ सैल राहिले, तर आकडा घसरतो. बोट काट्याला अडलं तरी तेच. पिचकारी मारल्यासारखं थुंकलं किंवा खोकलं, तर तो खोटाच वाढतो. मीटर मध्येच बदलू नका. पहिले 2 आठवडे मसाजशिवाय सकाळ-संध्याकाळ पंपाआधीची नोंद ठेवा, नंतरचे 4 आठवडे रोज मसाज करून त्याच वेळांची. या काळात डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय औषधाचा एकही डोस बदलायचा नाही, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही.

मसाज झोपण्याआधी 15-20 मिनिटं, मूल ठीक असताना. मूल बसलेलं किंवा कुशीवर. खांदे, मानेच्या दोन्ही बाजू, पाठीच्या कण्याशेजारचे स्नायू, बरगड्यांमधली जागा अशा क्रमाने, दुखणार नाही इतक्या दाबाने. बिनवासाचं तेल घ्या. कापूर-मेंथॉलचे बाम टाळा, कारण उग्र वासाने काही मुलांच्या नळ्या आवळतात आणि कापूर लहानग्यांच्या पोटात गेला तर विषारी ठरतो. मान मोडणं, मणके कडकड वाजवणं मुलांवर करूच नये. त्यातला धोका क्वचितचा असला तरी गंभीर असतो. धाप चालू असताना पाठीवर थापट्या मारून कफ सुटण्याची वाट पाहू नका, त्याने नळ्या आणखी आवळू शकतात.

धाप लागलेली असताना कामाचा असतो स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये बसवायची पोकळ नळी. पंप हलवून एक पफ, 5-6 संथ श्वास, मग दुसरा पफ. किती पफ ते डॉक्टरांनी लिहून दिलेल्या कागदावर. वाक्य पुरं होत नसेल, श्वासागणिक बरगड्यांमध्ये खड्डे पडत असतील, ओठ निळसर दिसत असतील किंवा पंपाने आराम पडत नसेल, तर तेलाची वाटी बाजूला ठेवून हॉस्पिटल गाठा आणि वाटेतही त्या कागदाप्रमाणे पफ देत राहा.